टाकीत बाहेरून काय आलं?

“मृणाल, त्यांना म्हणावं, तुमची गोगलगाय उताणी पडलीय.”

‘त्यांना’ म्हणजे मला. मी त्याच खोलीत, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पावाला लोणी लावत बसलो होतो. सासूबाईंचं बोलणं मला स्वच्छ ऐकू आलं होतं, आणि ते मला ऐकू आलंय हे त्यांनाही ठाऊक होतं. तरी निरोप आधी सोफ्यावर डाव्या कुशीवर पडलेल्या माझ्या बायकोकडे गेला आणि तिथून माझ्याकडे आला.

“नेल्सन, आई म्हणते, गोगलगाय उताणी पडलीय.”

“त्यांना सांग, पडते ती कधीकधी. करतो सरळ.”

“आई, तो म्हणतो–”

“ऐकलं मी.”

मी उठलो, बाही वर सारून टाकीत हात घातला आणि गोगलगाय काचेला लावून दिली. ती चिकटली नाही. घरंगळत वाळूवर आली आणि पुन्हा आडवी झाली. म्हातारी झाली असेल, असं मनाशी म्हणून मी कामावर गेलो.

आम्ही तेव्हा मस्कतला राहायचो. अल खुवैरमध्ये चौथ्या मजल्यावर लहानसा फ्लॅट होता. मी लिफ्टच्या कंपनीत सर्व्हिस इंजिनियर होतो आणि मृणाल एका दवाखान्यातलं औषधांचं काउंटर सांभाळायची. पहिलं बाळ होणार होतं. आठव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी तिला सक्तीने झोपून राहायला सांगितलं, तेव्हा कराडहून तिची आई आली.

शकुंतला निकम. उभी हयात सरकारी इस्पितळात काढलेली, शेवटची बरीच वर्षं मेट्रन. त्या वॉर्डात शिरल्या की नवे डॉक्टर बसल्या जागेवरून उठायचे, असं मृणाल सांगायची. मला ते पटायला वेळ लागला नाही. विमानतळावर त्यांनी माझ्याकडे एकदा डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि सामानाची गाडी माझ्या दिशेने ढकलली. स्वागत आणि ओळख तेवढ्यात आटोपली.

मी वसईचा, डाबरे. आमच्याकडे रविवारी चर्च आणि निकमांच्या घरी दर मंगळवारी गणपतीची आरती. लग्नाला त्यांच्याकडचं कुणी आलं नाही. मृणालचे वडील, अण्णा, तर माझं नावसुद्धा घेत नसत. फोनवर ते मुलीला विचारायचे, “तू बरी आहेस ना?” आणि ‘तू’वर इतका जोर द्यायचे की मी घरात राहतो की नाही अशी मलाच शंका यावी. त्यामुळे सासूबाई माझ्याशी थेट बोलत नाहीत याचं मला नवल वाटलं नव्हतं. नावडता जावई आहे, घरातल्या खांबासारखा टाळून जायचा, असं त्यांनी ठरवलं असणार, असं मी धरून चाललो होतो.

आता टाकीबद्दल सांगतो. मस्कतला आलो त्या वर्षी मित्रांबरोबर डेमानियत बेटांवर गेलो होतो. काचेचा मुखवटा लावून पाण्यात डोकं घातलं आणि खाली पाहिलं, तर जांभळी, हिरवी, पिवळी झुडपं लाटेबरोबर डुलत होती. कोरल, म्हणजे जिवंत प्रवाळ. आम्ही वसईचे, समुद्र जन्मापासून पाहिलेला, पण आमचा समुद्र गढूळ. आत काय असतं ते जाळ्यातून वर आल्यावरच कळणार. त्या दिवसापासून मी वेडा झालो. समुद्रातलं काही आणायचं नव्हतंच, तो गुन्हा आहे. पण इंडोनेशियात कोरलची शेती करतात, तिथून आलेले लहान लहान तुकडे एका दुकानात मिळायचे. हॉलच्या भिंतीला मोठी काचेची टाकी लावली, खारं पाणी बनवलं, आणि एकेक तुकडा आणून लावत गेलो. मृणाल लग्न होऊन मस्कतला उतरली त्या दिवशी एक हॅमर कोरल आणलं होतं. त्याच्या बोटांची टोकं हातोडीसारखी असतात म्हणून ते नाव. आणलं तेव्हा मुठीत मावत होतं. सासूबाई आल्या तेव्हा ते चांगल्या फ्लॉवरच्या गड्ड्याएवढं झालं होतं.

अशा टाकीचं एक रोजचं काम असतं. एसीच्या कोरड्या हवेत पाणी भराभर उडून जातं, पण त्यातलं मीठ आणि बाकी सगळं मागेच राहतं. म्हणून रोज गाळलेलं गोडं पाणी वरून घालायचं आणि काचेवर मारलेल्या रेघेपर्यंत पातळी आणायची. मध्यंतरी मला कामासाठी काही दिवस सोहारला जावं लागलं, तेव्हा निळ्या कॅनमधलं पाणी रोज थोडं घाल, असं मी मृणालला दारातून सांगून गेलो होतो. परत आलो तर पातळी बरोबर रेघेवर. नंतरही रोज सकाळी उठून पाहावं तर पातळी रेघेवरच. बायकोने काम मनावर घेतलंय असं वाटून मला बरं वाटलं.

आणि त्यानंतर ती गोगलगाय उताणी पडली.

पाठोपाठ दुसरी गेली, तिसरी गेली. मग दगडाखाली राहणारी लाल-पांढऱ्या पट्ट्यांची कोळंबी कात टाकताना मेली. मग कोरलांची पाळी आली. सकाळी दिवा लागला की जी फुलं उमलायची ती मिटलेलीच राहू लागली. अळंबीसारखं एक मोठं कोरल होतं, ते मान खाली घालून बसलं. हॅमरची बोटं आखडली आणि एका कडेला मांस सुटून पांढरा सांगाडा दिसू लागला.

मी नेहमीच्या सगळ्या चाचण्या केल्या. खारटपणा बरोबर. तापमान बरोबर. चुना जेवढा हवा तेवढा. मग दिवा बदलला. मिठाची जात बदलली. पाण्याचा झोत इकडून तिकडे फिरवला. रोज संध्याकाळी कामावरून आलो की बूट न काढता आधी टाकीपाशी जायचो.

“बाळाची खोली लावायची राहिलीय,” मृणाल म्हणाली.

“लावतो.”

“पाळण्याचे स्क्रू तसेच पडलेत.”

“लावतो म्हटलं ना.”

सासूबाई भाजी निवडत होत्या. “मृणाल,” त्या म्हणाल्या, “त्यांना म्हणावं, आधी जेवून घ्या. उपाशी पोटी कुणाचं निदान होत नाही.”

शुक्रवार आला. तिकडे शुक्रवारी सुट्टी. मी हॉलमध्ये जुनी चादर अंथरली आणि पंप उघडून बसलो. मृणाल आत झोपली होती. सासूबाई बाहेर आल्या, टाकीसमोर उभ्या राहिल्या. निरोप न्यायला कुणी नव्हतं. शेवटी त्यांनी टाकीलाच विचारलं:

“पहिल्यांदा कोण आजारी पडलं?”

मी पंपाला उत्तर दिलं. “गोगलगायी.”

“मग?”

“कोळंबी.”

“मग ही फुलं.”

“हो.”

“आणि मासे?”

“माशांना काही झालं नाही. उलट जास्तच खातायत.”

त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या. आता त्या माझ्याकडे बघत होत्या. “आमच्या वॉर्डात एकदा जेवणातून बाधा झाली होती. डॉक्टर प्रत्येक आजारी माणसाला काय खाल्लं, काय खाल्लं विचारत फिरत होते. मी म्हटलं, जे आजारी पडले नाहीत त्यांना विचारा, त्यांनी काय खाल्लं नाही. दह्यावर आलं सगळं.” त्यांनी टाकीकडे बोट दाखवलं. “माशाला चालतं आणि गोगलगाईला चालत नाही, असं काय असतं?”

माझ्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर थांबला. खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्या कुणालाही हे उत्तर झोपेत येतं. माशांना कीड लागली की जे औषध देतात ते कोरलच्या टाकीत घालायचं नाही, हा पहिला धडा असतो. मासे त्याने बरे होतात. गोगलगायी, कोळंब्या, कोरल मरतात. मी इतके दिवस खारटपणा मोजत बसलो होतो.

“तांबं,” मी म्हणालो.

“तांबं?”

“हो. पण मी औषध कधी घातलेलंच नाही. तांबं येणार कुठून?”

“किती लागतं?”

“काहीच नाही. नुसता अंश पुरतो. आणि एकदा आत गेलं की जात नाही. पाणी उडतं, ते मागे साठत राहतं.”

त्यांनी एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. मी मात्र पेटलो. पंपाचा दांडा पाहिला, हीटर पाहिला, मग खुर्चीवर चढून दिव्याचा पत्रा तपासला. आणि तिथे, बरोबर पाण्याच्या वर, एक पितळी स्क्रू. हिरवा पडलेला!

“सापडला!” मी ओरडलो. “हा बघा! पितळेत तांबंच असतं. ह्याचंच पाणी ठिबकत असणार!”

सासूबाईंनी तो तळहातावर घेतला, उलटसुलट केला. “किती दिवसांचा आहे हा?”

“टाकी लावली तेव्हापासूनचा.”

“मग इतकी वर्षं का नाही कुणी मेलं?”

मी खुर्चीवरून खाली उतरलो.

“जुन्या गोष्टीने नवा आजार होत नाही,” त्या म्हणाल्या. “टाकीत बाहेरून नवीन काय आलं ते बघा. टाकीत नाही तर घरात.”

“घरात काय नवीन? पाळणा आला. बाळाचा टब. ते लंगोटांचं कपाट...” मी बोटं मोजत होतो.

“आणि मी,” त्या म्हणाल्या.

“तुमचा काय संबंध?”

“टाकीत रोज पाणी कोण भरतं?”

“मृणाल. मी सोहारला गेलो तेव्हापासून तीच भरते.”

“कोण भरतं?” दारातून मृणालचा आवाज आला. ती आमच्या आरडाओरड्याने उठून, एक हात कमरेवर ठेवून उभी होती. “मी? मला खाली वाकून चप्पल घालता येत नाही. तू दारातून काय सांगून गेलास ते मला झोपेत ऐकूच आलं नाही. मला वाटलं, तूच भरतोस!”

“मी कुठे? पातळी कायम रेघेवर असते म्हणून मी...”

सासूबाई उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि दोन्ही हातांनी कळशी घेऊन आल्या. त्यांच्याबरोबर कराडहून आलेली ती तांब्याची कळशी होती. साड्यांत गुंडाळून आणलेली, चिंच-मीठ लावून आरशासारखी घासलेली. मस्कतचं पाणी समुद्राचं खारं काढून केलेलं असतं हे कळल्यापासून मृणालला त्या रात्रभर कळशीत ठेवलेलं पाणीच प्यायला देत.

त्यांनी ती माझ्यासमोर टेबलावर ठेवली.

“हे तपास,” त्या म्हणाल्या.

‘तपासा’ नाही. तपास.

दुकानात त्या माझ्याबरोबर आल्या. दोन औषधाच्या बाटल्या उकळून, पुसून घेतल्या होत्या त्यांनी. एकीत टाकीचं पाणी होतं, दुसरीत कळशीचं. गाडीत दोन्ही मांडीवर उभ्या धरून बसल्या होत्या.

दुकानाचा मालक केरळचा होता. त्याने दोन नळ्यांत पाणी घेतलं, थेंब टाकले, हलवलं. टाकीच्या पाण्याला फिकट निळी छटा आली. कळशीचं पाणी शाईसारखं झालं. त्याने ती नळी उजेडात धरली, माझ्याकडे पाहिलं आणि हिंदीत विचारलं, हे कोणतं औषध?

“दवाई नहीं है,” सासूबाई ताठ मानेने म्हणाल्या. “हमारे यहाँ का पीने का पानी है.”

बिचाऱ्याने ती नळी जपून दूर ठेवली.

गाडीत बसल्यावर मी चावी लावली, पण त्या म्हणाल्या, “थांब.” दुपारचं ऊन समोरच्या काचेवर आदळत होतं. त्या समोरच पाहत राहिल्या.

“तू सोहारला गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी पाणी रेघेच्या खाली गेलं. पोरीला वाकू द्यायचं नव्हतं. तो निळा कॅन मला उचलेना. घरात सगळ्यात चांगलं पाणी कुठलं, तर हे. म्हणून तांब्याभर घातलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा घातलं.”

“पण मी परत आलो त्यानंतर?”

“त्यानंतरही घातलं. रोज. तू उठायच्या आत.”

“का पण?”

त्यांनी पदराने कपाळ टिपलं. “निघताना अण्णांना शब्द दिला होता. बाळंतपण करीन, पोरीला सांभाळीन, पण त्या माणसाशी बोलणार नाही. त्यांनी त्याच अटीवर येऊ दिलं. मी आले. बघते तर तू पहाटे उठून तिच्या पायाला तेल लावतोस. डबा स्वतः भरतोस. माझ्या खोलीतला एसी आवाज करत होता, तर मी न सांगता दुरुस्त करून ठेवलास. आणि मी घरात फिरते मुकी. अण्णांनी बोलू नको म्हटलं होतं. तुझं काही काम करू नको असं कुठे म्हटलं होतं? म्हणून म्हटलं, तुझ्या जिवाभावाची एवढी एक गोष्ट आहे घरात, तिला आपल्या हाताने पाणी घालावं. तुला कळलं नाही तरी चालेल. तर असं पाणी घातलं.”

खरं सांगायचं तर मला आतून हसू फुटत होतं. दाबायला गेलो आणि नाकातून आवाज आला. त्यांनी चमकून माझ्याकडे पाहिलं.

“हसतोस काय?”

“आई,” मी म्हणालो. त्यांना काय हाक मारायची हा प्रश्न इतके दिवस मला पडला होता, तो असा सुटला. “आई, मी पितळी स्क्रू घेऊन खुर्चीवर नाचत होतो.”

त्यांचे ओठ थरथरले. मग त्या हसल्या. मेट्रनबाईंचं हसणं मी पहिल्यांदाच पाहिलं. खांदे हलायचे आणि आवाज अजिबात यायचा नाही. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. शेजारच्या गाडीतला माणूस आमच्याकडे बघून काच वर करून गेला.

“बरं, पुरे,” त्या पदर सावरत म्हणाल्या. “आता पेशंट वाचवायचे. काय काय लागेल?”

घरी येताना आम्ही मिठाच्या पिशव्या, पाणी शुद्ध करायच्या कोळशाची पाकिटं आणि तांबं शोषून घेणाऱ्या पांढऱ्या गाद्या घेऊन आलो. त्या दिवसापासून आमच्या हॉलचा वॉर्ड झाला. आधी बाळाच्या टबात ताजं खारं पाणी बनवलं.

“बाळाचा टब?” मृणाल सोफ्यावरून किंचाळली.

“बाळ यायला अवकाश आहे. तोवर खाट रिकामी का ठेवायची?” तिची आई म्हणाली.

जगतील असं वाटणारी कोरल एकेक करून टबात हलवली. त्यांचा हात माझ्याहून हलका होता. ज्याची कड सडली होती ते त्या मला दाखवायच्या, मी तो भाग तोडायचो. अळंबीसारखं ते मोठं कोरल माझ्या हातात आलं तेव्हा त्याचा चिखल झाला होता. मी ते परत पाण्यात ठेवायला गेलो.

“नेल्सन,” त्या म्हणाल्या, “ते गेलं.”

“अजून थोडं...”

“गेलं. त्याच्यापायी बाजूची जातील. दे इकडे.” त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं, कागदात गुंडाळलं आणि स्वतः जाऊन टाकून आल्या. परत आल्यावर म्हणाल्या, “चहा ठेवलाय. घे आणि मग दुसरं बघ.”

टाकीतलं पाणी आम्ही थोडं थोडं करत बदलत राहिलो. गाळणीत लावलेली पांढरी गादी निळी पडायची. रोज सकाळी त्या ती काढून बघायच्या आणि मला झोपेतून उठवून दाखवायच्या. “कालच्यापेक्षा फिकट आहे,” म्हणायच्या, ताप उतरल्याची बातमी द्यावी तशा. मृणालची तक्रार होती की दोघांना मिळून तिचं बाळंतपण आहे याचा विसर पडला आहे. खरं तर तिला मजा वाटत होती. मी कामावर असताना ती मला फोन करायची: “आई टबाशी बोलतेय. म्हणते, मोकळे व्हा, मोकळे व्हा, लाजता काय?”

एक दिवस मी दुपारी घरी होतो. टाकीचं पाणी काढायचं काम चाललं होतं. एका हातात नळी, दुसरा हात कोपरापर्यंत टाकीत, आणि खाली बादली भरत आलेली. मृणाल आतून म्हणाली, “नेल्सन, मला वाटतं...”

तिच्या आवाजात काहीतरी होतं. मी वळलो. नळी बादलीतून निसटली आणि खारं पाणी गालिच्यावर वाहू लागलं. मी नळी उचलू की मृणालकडे धावू, या घोळात तिथेच गोल फिरलो.

“नेल्सन!” सासूबाईंचा आवाज आला. वॉर्डात तरुण डॉक्टर का उठून उभे राहायचे ते मला तेव्हा कळलं. “नळी सोड. पंप बंद कर. हात साबणाने धू. गाडीची चावी घे. ह्याच क्रमाने.”

मी त्याच क्रमाने सगळं केलं. त्यांनी तोवर मृणालला चप्पल घालून दारापर्यंत आणलं होतं. लिफ्टमध्ये मृणालला कळ आली, आणि तिने माझा हात असा दाबला की हाड मोडलं असं वाटलं.

“वेळेच्या आधी आहे,” मी सासूबाईंना हळूच म्हणालो. “काही...”

“थोडं आधी आहे. चालतं,” त्या म्हणाल्या. “तू गाडी नीट चालव. तेवढंच तुझं काम.”

दिवस मावळायच्या आत मुलगी झाली. लहानशी, लालबुंद आणि भयंकर चिडलेली. नर्सने तिला आजीच्या हातात दिलं तेव्हा आजीने आधी बोटं तपासली, मग कान, मग टाळू, आणि मगच तिचा मुका घेतला.

मी बाहेर व्हरांड्यात येऊन भिंतीला टेकून उभा राहिलो. सासूबाई माझ्या मागोमाग आल्या आणि कराडला फोन लावला. मी बाजूला जाणार होतो, पण त्यांनी हाताने थांब अशी खूण केली.

“मुलगी झाली. दोघी ठीक आहेत,” त्या म्हणाल्या. मग पलीकडचं ऐकलं. “हो. हो. ऐका आता माझं. मी शब्द मोडला. बोलले त्याच्याशी. रोज बोलते... नाही, आधी पूर्ण ऐका. ह्या पोराने वर्षानुवर्षं जपलेली बाग होती पाण्यातली. मी अडाण्यासारखं तांब्याचं पाणी घालून तिला मारली. अर्धी गेली. ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मला वाटलं होतं, आता हा काय बोलेल ते ऐकून घ्यायचं. तुम्ही असता तर घर डोक्यावर घेतलं असतंत, मी ओळखते तुम्हाला. आणि हा हसला. मला आई म्हणाला. त्या दिवसापासून एकदा, एकदासुद्धा त्याने तो विषय बोचेल असा काढला नाही. अशा माणसाच्या घरात तुमची मुलगी आहे. आता तुमचं काय म्हणणं असेल ते बोला.”

सासूबाई फोन कानाला धरून खिडकीबाहेर बघत उभ्या होत्या. मग त्यांनी भुवया उंचावल्या आणि फोन माझ्यापुढे धरला.

“तुला मागतायत.”

मी तो कानाला लावला. “हॅलो. नमस्कार, अण्णा.”

एक जाड, सावध आवाज म्हणाला, “मुलगी कोणासारखी दिसते?”

“अजून तशी कोणासारखीच नाही,” मी म्हणालो. “पण आवाज आणि स्वभाव आईंचा आहे. आल्या आल्या तीन नर्सना कामाला लावलंय.”

मला वाटलं, पलीकडे खोकला आला. पण तो खोकला नव्हता. अण्णा हसत होते.

“मग तुमचं काही खरं नाही, जावईबापू,” ते म्हणाले. “हिच्यापुढे कुणाचं चालत नाही, हे मी चाळीस वर्षं सांगतोय, कोणी ऐकत नाही. जरा थांबा. मी येतो तिकडे.”